‘हे तर आपल्याकडचेच’ असे वाटते तेव्हा आपण नेमके काय वाचत असतो? (आफ्रिकी लेखिकांच्या कादंबऱ्या)

अबोली_क
गेल्या चार महिन्यांत दोन कादंबऱ्या लागोपाठ वाचल्या. एक झिम्बाब्वेच्या त्सित्सी दांगारेम्ब्गा यांची ‘नर्व्हस कंडिशन्स’ (१९८८) आणि दुसरी सेनेगलच्या मारियामा बा यांची ‘सो लाँग अ लेटर’ (मूळ फ्रेंच, १९७९). पहिलीतली तांबू ही ऱ्होडेशियातल्या, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेतल्या, खेड्यातली मुलगी. घरात फीचे पैसे भावासाठी आहेत, तिच्यासाठी नाहीत, म्हणून ती वडिलांकडून बियाणे मागून घेते, स्वतः मका पेरते, खुरपते, राखते, आणि कणसे धरू लागताच ती एकेक करून नाहीशी होऊ लागतात. चोर बाहेरचा नसतो. तिचा भाऊ न्हामोच ती कणसे शाळेत मित्रांना वाटत असतो. हे प्रकरण मी आईला वाचून दाखवले, तेव्हा भाजी निवडता निवडता ती म्हणाली, “ही तर आपल्या अक्काची गोष्ट.” अक्का म्हणजे माझी मोठी मावशी. तिने शेळीचे दूध विकून जमवलेले पैसे मामाच्या सायकलीत गेले होते.

आईचे वाक्य ऐकून मला आनंद झाला, आणि नंतर थोडी अस्वस्थताही आली. हजारो मैलांवरची गोष्ट ‘आपल्या अक्काची’ होते तेव्हा ती गोष्ट आपल्यापर्यंत पोचलेली असते, की आपण तिला अर्ध्या वाटेत गाठून स्वतःच्या घरी आणलेले असते? आफ्रिकी लेखिकांच्या कादंबऱ्या ज्यांनी अलीकडे वाचल्या आहेत, त्यांनी आपापले अनुभव लिहावेत. ‘छान आहे, जरूर वाचा’ एवढेच लिहिण्यापेक्षा कुठे ओळख पटली आणि कुठे ती अडखळली, हे वाचायला मला अधिक आवडेल.

तिखटमीठ
जागा धरून ठेवतो. तूर्त एवढेच, की कणसे चोरणारा भाऊ ही जागतिक संस्था असून तिची एक शाखा आमच्या घरातही होती. तिचा शाखाप्रमुख मीच होतो.

कृष्णाकाठ
अबोलीताई, धागा आवडला. माझे मत असे, की या एका कादंबरीच्या बाबतीत मराठी वाचक इंग्रजी वाचकापेक्षा दोन पावले पुढे असतो, आणि त्याबद्दल अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही.

तांबूचे काका कादंबरीभर ‘बाबामुकुरू’ म्हणून येतात आणि काकू ‘माइगुरू’ म्हणून. ही विशेषनामे नव्हेत, शोना भाषेतली नाती आहेत. बाबामुकुरू म्हणजे शब्दशः मोठे बाबा आणि माइगुरू म्हणजे मोठी आई. इंग्रजीत ‘अंकल’ म्हटले की माणूस कुटुंबाच्या बाहेर जाऊन उभा राहतो. आपल्याकडे ‘मोठे बाबा’ म्हटल्याबरोबर कळते, की मुलाच्या शिक्षणापासून लग्नापर्यंत शेवटचा शब्द या माणसाचा असणार आणि सख्खे वडील शेजारी मान डोलावणार. तांबूचे वडील जेरेमाया हे नेमके तसेच आहेत.

दुसरे उदाहरण आत्याचे. शोनात आत्याला ‘तेते’ म्हणतात. घरात जो मोठा न्यायनिवाडा भरतो, त्यात तेते ग्लॅडिस पुरुषांच्या बाजूने बसते आणि घरात आलेल्या सुना स्वयंपाकघरात थांबतात. माझ्या एका मित्राला हे समजावून सांगावे लागले, कारण त्याच्या मते बाई म्हणजे बाई. ज्याने माहेरवाशीण आत्या ओसरीवर बसून वहिनीला पाणी मागताना पाहिली आहे, त्याला समजावण्याची गरज पडत नाही. त्या बैठकीत तांबूची मावशी लुसिया घुसते आणि ताकेशुअर या नातलगाचा कान धरते, तेव्हा ती किती भिंती एकदम ओलांडते आहे, हेही त्याला कुणी सांगावे लागत नाही.

निरक्षीर
कृष्णाकाठ यांचा नात्यांविषयीचा मुद्दा मान्य. पण नेमकी तिथेच मला भीती वाटते. नाती इतकी ओळखीची लागतात, की त्यांच्याभोवतीचा देश दिसेनासा होतो.

तांबूच्या मक्याची गोष्ट भावाच्या चोरीवर संपत नाही. तिचे शिक्षक मातिम्बा तिला कणसे विकण्यासाठी उमताली शहरात घेऊन जातात. तिथे डोरिस नावाची गोरी बाई ‘लहान मुलीला राबवता’ म्हणून त्यांना झापते. मास्तर मग मुलीची करुण कहाणी रचून सांगतात आणि बाई दहा पौंड देते. तांबूची फी त्या दहा पौंडांतून निघते, कणसांतून नव्हे. तिने राबून पिकवलेला मका आणि तिची फी यांच्या मधे गोऱ्या माणसाची दया उभी आहे, आणि ती मिळवण्यासाठी काळ्या मास्तरांना लाचारीचे सोंग आणावे लागते. हा प्रसंग अबोलीताईंच्या अक्काच्या गोष्टीत नाही. तो असू शकत नाही, कारण आपल्याकडे त्या काळात गावापासून शहरापर्यंतची सुपीक जमीन एका वर्णाच्या नावावर करून देणारा कायदा नव्हता. तांबूचे कुटुंब खडकाळ जमिनीवर का राहते, हे आजीच्या तोंडून एका परिच्छेदात येऊन जाते. ‘आपलेच आहे’ म्हणून भरभर वाचणाऱ्याच्या हातून तोच परिच्छेद निसटतो. माझ्याही निसटला होता. दुसऱ्या वाचनात तो सापडला, म्हणून हे लिहिण्याचे धाडस करतो आहे.

शिवाय ‘आफ्रिकी लेखिका’ हे लेबल चोपन्न देशांवर एकदम चिकटवलेले आहे. ‘आशियाई लेखिका’ असा धागा काढून त्यात जपान आणि जॉर्डन एकत्र बसवले, तर आपण हसू.

तिखटमीठ
हसणार नाही. जागा धरून ठेवेन.

अबोली_क
निरक्षीर, डोरिसचा प्रसंग मी आईला वाचून दाखवला नव्हता. का दाखवला नाही, याचा आता विचार करते आहे. बहुधा मला ठाऊक होते, की तिथे आई “ही कोण?” असे विचारेल आणि मग भाजी निवडणे थांबेल.

शबनम_मिरज
मी या संस्थळावर बहुतेक वेळा वाचनमात्र असते, पण ‘सो लाँग अ लेटर’चे नाव पाहून राहवले नाही.

अबोलीताई, तुमच्या ‘आपल्याकडचेच’ या शब्दातले ‘आपण’ कोण, हा माझा पहिला प्रश्न आहे. तो भांडणाच्या सुरात विचारलेला नाही, याची खात्री बाळगा. पुण्यातल्या वाचकाला या कादंबरीची नायिका रामातुलाय शेजारच्या गल्लीतली वाटत असेल. मला ती आमच्या माजघरातली वाटली. अख्खी कादंबरी म्हणजे नवऱ्याच्या मृत्यूनंतर इद्दतीत बसलेल्या बाईने आपल्या मैत्रिणीला, आयसातूला, लिहिलेले पत्र आहे. इद्दत चार महिने दहा दिवसांची असते. माझ्या फुफूने, म्हणजे आत्याने, ती पाळली तेव्हा मी नववीत होते. तिच्या खोलीतला आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवला होता की बायकांनी तो तसा ठेवायला लावला होता, हे आता आठवत नाही. पण आरशाची मागची तपकिरी पाठ आणि तिच्यावरचा खिळा आठवतो. कादंबरीत मयताच्या घरी दोन्ही सवती एकाच मांडवाखाली शेजारी शेजारी बसवल्या जातात. एक तीस वर्षांच्या संसाराची, बारा मुलांची आई. दुसरी बिनेतू, थोरल्या मुलीची शाळेतली मैत्रीण. नणंदा दोघींचेही केस सारख्याच मायेने सोडतात. त्या ‘सारख्याच’पाशी मी पुस्तक मिटून ठेवले.

इथपर्यंत ओळख. आता अडखळणे. चाळिसाव्या दिवशी दीर तामसिर येऊन सांगतो, की इद्दत संपली की मी तुझ्याशी निकाह लावीन. तेव्हा रामातुलाय त्याला जे सुनावते, ते वाचून मी उठून उभी राहिले. तरीही हीच बाई नवऱ्याने दुसरी बायको केल्यावर त्याला सोडत नाही. आयसातू सोडते. ती चार मुलगे घेऊन निघून जाते, शिकते आणि अमेरिकेतल्या वकिलातीत दुभाषी होते. रामातुलायला मुलांसह बसच्या रांगेत उभे राहावे लागते, हे कळल्यावर फियाट गाडीचे पैसे पाठवणारी हीच मैत्रीण. मला वाटले होते, की लेखिका या दोघींपैकी एकीला शहाणी ठरवील. तिने तसे केले नाही. आमच्याकडे या विषयावर बोलायचे म्हटले, की लगेच बाजू घ्यावी लागते. १८ एप्रिल १९६६ला हमीद दलवाई सात मुस्लिम स्त्रियांना घेऊन तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्वाविरुद्ध मुंबईत विधानभवनावर मोर्चाने गेले, तेव्हापासून हा विषय निघाला की ‘तू मोर्च्यातली की घरातली’ असाच प्रश्न असतो. रामातुलाय दोन्हीही आहे. ती एकटी सिनेमाला जाते, लोक वळून बघतात, ती तिकीट काढून आत जाऊन बसते, आणि रात्री नमाजही पढते. अशी बाई मला मराठी कादंबरीत अजून भेटलेली नाही. भेटली असेल तर कुणीतरी नाव सांगावे.

अवांतरराव
मराठी माणसाच्या मनात आफ्रिका म्हणजे जंजिरा आणि मलिक अंबर. चारशे वर्षांपूर्वी हबसाणातून आलेल्या माणसाने आपल्याला जमीनमहसूल शिकवला, आणि आपण अजून त्यांच्या बायका काय लिहितात म्हणून आश्चर्य करतो आहोत!

निरक्षीर
अवांतरराव, नाव सार्थ केलेत. मलिक अंबरावर स्वतंत्र धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देईन. इथे कादंबऱ्यांवर राहू या.

पाटी_पेन्सिल
मी बेसी हेड यांची ‘मारू’ (१९७१) वाचली. सव्वाशे पानांच्या आसपासची लहान कादंबरी आहे. ती वाचायला मला तीन आठवडे लागले.

बेसी हेड दक्षिण आफ्रिकेत जन्मल्या. आई गोरी, वडील काळे, आणि त्या देशात असे मूल जन्मणे हाच गुन्हा. १९६४ मध्ये त्या परत न येण्याच्या अटीवर देश सोडून बोट्स्वानात आल्या आणि तिथे नागरिकत्व मिळायला त्यांना १९७९ उजाडले. तिथे त्यांनी जे पाहिले ते असे, की गोऱ्यांच्या राज्यात ज्यांना माणूस मानले जात नव्हते, त्या काळ्या समाजाने स्वतःसाठी आणखी खालची एक पायरी राखून ठेवली होती. त्या पायरीवर मसार्वा, म्हणजे ‘बुशमन’ म्हणून ओळखले जाणारे सान लोक. कादंबरीची नायिका मार्गारेट कॅडमोर जन्माने मसार्वा आहे. एका मिशनरी बाईने तिला वाढवले आणि आपले स्वतःचे नाव दिले. ती शिकते आणि दिलेपे नावाच्या गावात शिक्षिका म्हणून रुजू होते. रंगरूपावरून लोक तिला मिश्रवर्णीय समजतात. ती गप्प राहिली असती तर निभावले असते. पण सहकारी शिक्षिकेने विचारल्यावर ती सरळ सांगते, “मी मसार्वा आहे.”

नोकरीच्या पहिल्या गावी मला घरमालकाने आडनाव विचारले होते. ज्या आडनावांवरून काही कळत नाही, त्यांतले माझे एक आहे. त्याने पुढचा प्रश्न विचारला, “म्हणजे मूळचे कुठले?” तो प्रश्न आणि माझे उत्तर यांच्या मधे जेवढा वेळ गेला, तेवढा वेळ मार्गारेटने घेतला नाही. कृष्णाकाठ म्हणतात तशी आपल्याला या पुस्तकांची ओळख लवकर पटते, हे खरे आहे; पण ती कोणत्या बाजूने पटते, हे ज्याने त्याने पाहावे. वर्गातली मुले बाईंना जातीवरून चिडवत एका सुरात ओरडतात, ते पान वाचताना काहींना स्वतःची बाई आठवेल आणि काहींना त्या सुरात मिसळलेला स्वतःचा आवाज आठवेल.

शेवट मात्र मला पटला नाही. गावचा भावी प्रमुख मारू तिच्या प्रेमात पडतो, गादी सोडतो आणि तिच्याशी लग्न करतो. त्या लग्नाच्या बातमीने मसार्वांच्या कोंडलेल्या आयुष्याचे दार किलकिले होते, असे लेखिका सुचवते. पण मारू हे सगळे ठरवतो कसा, तर मार्गारेटला न विचारता. तिचे मन त्याच्या मित्रावर, मोलेकावर आहे हे त्याला ठाऊक असते. सुरुवातीला मोलेकाने तिला दिलेली झोपायची खाटदेखील मारूच्याच हुकमाने परत मागवली जाते. वरच्याने केलेल्या त्यागातून खालच्याची मुक्ती, ही गोष्ट आमच्या लोकांना फार वेळा सांगून झालेली आहे. बाबासाहेबांनंतर ती आम्ही ऐकायचे सोडले.

कृष्णाकाठ
पाटी_पेन्सिल, ‘कोणत्या बाजूने’ हा प्रश्न मला लागला, आणि तो लागायलाच हवा होता. आत्याला ओसरीवर बसलेली पाहणारा मी ओसरीवरच होतो, हे मी लिहायचे विसरलो.

शेवटाबद्दल मात्र थोडे वेगळे वाटते. मारूचे वागणे लेखिकेला पसंत आहे, असे मला वाचताना जाणवले नाही. तो कारस्थानी आहे, मित्राशी दगा करतो, आणि लग्नानंतरही मार्गारेटच्या स्वप्नात मोलेका येतो. मुक्तीच्या गोष्टीला लेखिकेने मुद्दाम ठेवलेला हा तडा असावा.

पाटी_पेन्सिल
तडा आहे, मान्य. पण भांडे कुणाचे आहे? मार्गारेट चित्रकार आहे, दिवसचे दिवस चित्रे काढते, आणि तिचे बोलणे अख्ख्या पुस्तकात मिळून चार-सहा पानांत मावेल. मला ती बोलायला हवी होती.

डॉ_सातपुडा
रसभंगाचा इशारा: ‘स्टे विथ मी’ वाचायची असेल तर माझा प्रतिसाद ओलांडून पुढे जावे.

मी नंदुरबार जिल्ह्यात बरीच वर्षे काम केले. नायजेरियाच्या अयोबामी अडेबायो यांची ही कादंबरी (२०१७) मला माझ्या पुतणीने ‘सासूचा जाच’ या सदराखाली दिली. पहिली शंभर पाने तसेच वाटले. मूल होत नाही म्हणून येजिदेला लोक डोंगरावरच्या बाबाकडे पाठवतात, तिथे ती एका बकरीला बाळासारखे कुशीत घेऊन स्तनाशी धरते. पुढे मुले होतात आणि जातात. एका पानावर ‘सिकल सेल’ (रक्ताचा आनुवंशिक आजार) हे शब्द आले आणि मी ताठ बसलो.

आई-वडील दोघेही वाहक असतील, म्हणजे स्वतः आजारी नसले तरी आजाराचा अंश त्यांच्या रक्तात असेल, तर दर गर्भारपणात चारात एक शक्यता बाळाला आजार होण्याची. हे वाक्य मी धडगाव-अक्कलकुवा भागात किती जोडप्यांना सांगितले असेल, त्याचा हिशोब नाही. सांगताना पुरुष जमिनीकडे पाहतो आणि बाई माझ्याकडे पाहते. कादंबरीत याच गणितातून घरातले एक गुपित फुटते: मुलाला आजार आहे, तर बापाच्या रक्तात त्याचा अंश असायलाच हवा, आणि इथे तो नाही. प्रयोगशाळेच्या कागदावरून संसार मोडताना मी प्रत्यक्ष पाहिला आहे. त्याबद्दल अधिक लिहिणे योग्य नव्हे.

आता धाग्याच्या प्रश्नाकडे वळतो. हा आजार तिकडेही आणि सातपुड्यातही का? जिथे मलेरिया पिढ्यान्‌पिढ्या होता, तिथे वाहक माणसे मलेरियातून जास्त वाचली, म्हणून. कारण एकच आहे. पण पश्चिम आफ्रिकेतल्या आणि आपल्या रुग्णांत या जनुकाच्या आसपासची ठेवण निराळी असते, आणि आपल्याकडे अनेकदा आजार तुलनेने सौम्य चालतो. नायजेरियन पाठ्यपुस्तक उघडून नंदुरबारच्या मुलावर उपचार केले, तर काही बरोबर येईल आणि काही चुकेल.

नावांचेही तसेच आहे. येजिदेच्या शेवटच्या मुलीचे नाव रोतिमी, म्हणजे ‘माझ्याजवळ राहा’. योरुबा लोकांत वारंवार जन्मून वारंवार मरणाऱ्या मुलाला ‘अबिकू’ म्हणतात, आणि अशा घरात पुढच्या मुलाचे नाव त्याला थांबवण्यासाठी ठेवतात. ‘कोकुमो’ असेही एक नाव असते, म्हणजे ‘आता मरणार नाही’. मी लगेच म्हटले, अरे, हे तर आपले धोंडू, दगडू, केरू! मग दोन दिवस विचार करून लक्षात आले, की हे तसे नाही. आपण धोंडू म्हणतो तेव्हा मृत्यूला फसवतो. हा दगड आहे, नेण्यासारखा नाही, पुढे जा. योरुबा आई मृत्यूशी बोलतच नाही, ती मुलाशी बोलते. जाणारा तो आहे, म्हणून विनवणी त्याला.

तिखटमीठ
डॉक्टरसाहेब, इशारा न वाचता पुढे वाचले आणि आता पुस्तक अर्ध्यावर हातात धरून बसलो आहे. चूक माझीच. पण धोंडूवाला परिच्छेद वाचायला मिळाला, त्यामुळे तक्रार मागे घेतो. माझ्या पणजोबांचे नाव उकिर्डा होते. मोठी तीन भावंडे गेली होती.

जुनी_पुस्तके
मुंबईत फाउंटनच्या पदपथावर एकेकाळी ‘आफ्रिकन रायटर्स सिरीज’ची नारिंगी पाठीची पुस्तके वीस-तीस रुपयांना मिळत. त्यात मला फ्लोरा न्वापा यांची ‘एफुरू’ (१९६६) मिळाली होती. बुची एमेचेता यांची ‘द जॉइज ऑफ मदरहुड’ (१९७९) कितीतरी वर्षांनी वाचली, आणि मग कळले की या दोन पुस्तकांमध्ये मायलेकींसारखा धागा आहे.

एफुरू श्रीमंत आहे, व्यापारात हुशार आहे, आणि तळ्याची देवी उहामिरी तिला आपली भक्तीण म्हणून निवडते. ही देवी सौंदर्य देते, संपत्ती देते, मूल देत नाही. कादंबरी एका प्रश्नावर थांबते: मातृत्वाचा आनंद जिने स्वतः कधी अनुभवला नाही, त्या देवीची बायका पूजा का करतात? एमेचेता यांनी तेरा वर्षांनी त्याच शब्दांतून आपल्या कादंबरीचे नाव घेतले आणि बाजू उलटी केली. त्यांच्या न्नू एगोला मुले होतात, पुष्कळ होतात. ती त्यांच्यासाठी लागोसच्या रस्त्यावर सिगारेटी आणि लाकूडफाटा विकते. मुलगे शिकून परदेशी जातात आणि ती गावाकडे रस्त्याच्या कडेला एकटी मरते. मग मुले येतात, कर्ज काढून दणक्यात उत्तरकार्य करतात आणि तिच्या नावाने देऊळ उभारतात. निपुत्रिक बायका तिथे नवस बोलतात आणि ती कुणालाही पावत नाही. मेल्यावर का होईना, एक बाई ‘नाही’ म्हणते. मी हसलो, आणि घरी कुणी विचारले तेव्हा कशाला हसलो हे सांगता येईना.

एक दुवा मात्र खराच आहे. न्नू एगोचा नवरा न्नाइफे लागोसमध्ये गोऱ्यांच्या घरी कपडे धुतो. दुसऱ्या महायुद्धात त्याला रस्त्यावरून उचलून पलटणीत घालतात आणि पूर्वेकडे हिंदुस्थान-ब्रह्मदेशाच्या आघाडीवर पाठवतात. पश्चिम आफ्रिकेच्या ८१ आणि ८२ क्रमांकाच्या डिव्हिजन ब्रह्मदेशात लढल्या, हा इतिहास आहे. माझे आजोबा तेव्हा आराकानात रसद खात्यात होते. ते ‘डोक्यावर ओझे वाहणाऱ्या पलटणी’बद्दल सांगत. जंगलात खेचरे चालत नसत तिथे ही माणसे डोक्यावर दारूगोळा नेत. आजोबांनी त्यांच्यापैकी कुणाचे नाव कधी सांगितले नाही. त्यांना ते ठाऊक नसावे. पुस्तकात न्नाइफेच्या बायकोला तो कुठे आहे याचा पत्ता नसतो, आणि आमच्या आजोबांच्या गोष्टीत न्नाइफेला नाव नसते.

निरक्षीर
जुनी_पुस्तके यांच्या शेवटच्या वाक्यासाठी हा धागा वाचनखुणांत साठवला.

मांडवीकाठ
गोंयांतून नमस्कार. चिमामांडा न्गोझी अदिची यांची ‘पर्पल हिबिस्कस’ (२००३) वाचली. आमच्या घरात रोज संध्याकाळी तेर्स (जपमाळेची प्रार्थना) होतो, त्यामुळे नायिका कांबिलीच्या घरातली ती न संपणारी प्रार्थना मला अंगात भिनल्यासारखी कळली. पण माझी ओळख वेगळ्या ठिकाणी पटली. तिचे वडील युजीन देवाशी इग्बो भाषेत बोललेले खपवून घेत नाहीत. प्रवचनाच्या मधेच तरुण पाद्री इग्बो गाणे म्हणू लागतो, तेव्हा त्यांचा चेहरा कडवट होतो. आमच्या आजोबांची पिढी पुर्तुगेजीत प्रार्थना करायची आणि कोंकणी ही चाकरांची भाषा मानायची. देवळात, म्हणजे चर्चमध्ये, कोंकणी मिसा (प्रार्थनाविधी) सुरू झाली तेव्हा थोरल्या आजोबांनी म्हणे शेवटच्या बाकावर बसायला सुरुवात केली.

त्या पुस्तकातली एक गोष्ट मनातून जात नाही. युजीन आपल्या कपातला पहिला घोट मुलांना देतात. तो प्रेमाचा घोट. चहा उकळता असतो, जीभ भाजते, आणि कांबिलीला वाटते की या चटक्यातून वडिलांचे प्रेम आपल्या आत उतरते आहे. पुढे हेच वडील पोटच्या पोरीच्या पायांवर उकळते पाणी ओततात, तेव्हा तो आधीचा घोट आठवतो. हे ना गोव्याचे, ना नायजेरियाचे. हे त्या एका घराचे आहे, आणि लेखिकेने त्याला तसेच राहू दिले आहे. निरक्षीर यांना हे आवडावे.

निरक्षीर
आवडले. आमच्या घरी चहा बशीत ओतून देत, तेवढाच फरक. पाहा, मीही घसरलो.

शबनम_मिरज
पुन्हा येते आहे, कारण मध्यंतरी घानाच्या आमा आता आयडू यांची ‘चेंजेस’ (१९९१) वाचून संपवली. कादंबरीची नायिका एसी ही अक्रा शहरात सरकारी खात्यात संख्याशास्त्रज्ञ आहे. एके सकाळी कामावर जाण्याच्या गडबडीत नवरा तिच्यावर जबरदस्ती करतो. ती ऑफिसात बसून विचार करते, की याला शहरी चर्चासत्रात एक इंग्रजी नाव आहे, पण हे मी आजीला आमच्या भाषेत कसे सांगणार? त्या भाषेत या गोष्टीला शब्दच नाही, कारण नवऱ्याने बायकोकडून जे घ्यायचे ते त्याचेच असते.

मी मराठीत शोधले, मग दखनीत शोधले. ‘वैवाहिक बलात्कार’ हा शब्द वर्तमानपत्रांतून आला. कायद्यात तर अजून नवऱ्यासाठी अपवादच आहे. माझ्या आईला मी हा प्रसंग सांगायला गेले आणि ‘तो तिच्यावर’ एवढे म्हणून अडले. आई म्हणाली, “कळलं.” शब्द नसताना कळले. पाटी_पेन्सिल आणि डॉक्टरसाहेब, तुम्ही दोघांनी वेगळेपणावर बोट ठेवले, ते बरोबरच आहे. पण इथे सारखेपणा एका रिकाम्या जागेचा आहे. दोन्ही भाषांत खड्डा तिथेच आहे.

अबोली_क
धागा काढला तेव्हा मला एक बाजू घ्यायची होती. ‘आपलेच’ म्हणणे हा वाचनातला आळस आहे, असे कुणीतरी ठणकावून सांगावे, असे मनात होते. तुमचे प्रतिसाद वाचून ‘नर्व्हस कंडिशन्स’ची शेवटची चाळीस पाने पुन्हा वाचली. इंग्लंडमध्ये वाढून परत आलेली न्याशा, बाबामुकुरूंची मुलगी, अन्न टाकते, हाडांचा सापळा होते आणि एका रात्री इतिहासाचे पुस्तक दातांनी फाडते. तिला मानसोपचारतज्ज्ञाकडे नेतात. तो गोरा डॉक्टर सांगतो, की हा आजार हिला असूच शकत नाही, आफ्रिकी माणसांना असला आजार होत नाही, ही नाटके करते आहे.

तो डॉक्टर निरक्षीर यांच्या धोरणाने चालला होता, असे मी म्हणणार नाही (निरक्षीर, रागावू नका). पण ‘त्यांचे वेगळे असते’ या वाक्याने तिथे एक मुलगी मरणाच्या दारात गेली. माझ्या आईने अक्काला ओळखले आणि डोरिसला ओळखले नाही. त्या डॉक्टरने तर समोर बसलेल्या न्याशालाच ओळखले नाही.

काल संध्याकाळी मी आईला डोरिसचा प्रसंग वाचून दाखवला. तिने अपेक्षेप्रमाणे “ही कोण?” असे विचारले. मी उमताली, ऱ्होडेशिया, जमिनीचा कायदा असे जमेल तेवढे सांगितले. भाजी बाजूला राहिली. सगळे ऐकून ती म्हणाली, “मग त्या मास्तरांनी पैसे कुणाकडे दिले? बापाकडे दिले असतील तर गेले.” पुस्तकात मास्तरांनी ते मुख्याध्यापकांकडे जमा करून पावती घेतलेली असते, आणि बाप खरोखरच शाळेत जाऊन ‘मुलगी माझी, म्हणजे पैसे माझे’ म्हणून भांडतो. मी आईला पावतीचे सांगितले. तिने पावती कुणाच्या नावावर होती ते विचारले. आज रात्री ते पान शोधायचे आहे.

कृष्णाकाठ
अबोलीताई, पान सापडले की इथे लिहा. मी तांबूच्या काही पानांचे मराठी करून पाहतो आहे आणि ‘बाबामुकुरू’पाशीच अडलो आहे. ‘मोठे बाबा’ लिहिले की घर आपले होते, ‘बाबामुकुरू’ ठेवले की नाते हरवते. सध्या पहिल्या पानावर एकदा ‘मोठे बाबा’ आणि पुढे सगळीकडे ‘बाबामुकुरू’ असे करून ठेवले आहे.

पाटी_पेन्सिल
उलट करून पाहा. आधी ‘बाबामुकुरू’ ठेवा आणि तांबू त्यांच्यासमोर गुडघे टेकून हात धुवायला पाणी देते, त्या प्रसंगात पहिल्यांदा ‘मोठे बाबा’ येऊ द्या.

तिखटमीठ
शबनमताई, ‘चेंजेस’ची प्रत फिरवता येईल का? पोस्टाचा खर्च माझा. कणसांचे प्रायश्चित्त समजा.

शबनम_मिरज
येईल. पाने सुटी झाली आहेत, रबर लावून पाठवते. एसीच्या ऑफिसातले पान सर्वांत वर ठेवले आहे, तेवढे क्रमाने लावून घ्या.